मदत हवी आहे : ब्रायरचा पाइप घडवताना बाऊलचे दोन गाल जुळत नाहीत

नमस्कार मंडळी,

लेथ आणि लाकूड या दोन्हींवर हात बसलेल्या जाणकारांचा सल्ला हवा आहे. मी कोल्हापूरला एका फाउंड्रीच्या पॅटर्नशॉपमध्ये, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने (पॅटर्न) बनवतात तिथं, काम करतो. सागवान, पाइन, स्प्लिट पॅटर्न, डॉवेल, मार्किंग हे माझं रोजचं. सध्या हाती घेतलंय ते काम मात्र नवीन आहे : तंबाखू ओढायचा लाकडी पाइप. माझे मामा मर्चंट नेव्हीत होते. त्यांचा आवडता पाइप आतून जळत जळत शेवटी बाऊलला (तंबाखू भरायच्या वाटीला) भोक पडलं, आणि त्यांना अगदी तसाच दुसरा हवा आहे. तंबाखूचे तोटे त्यांनाही ठाऊक आहेत आणि मलाही, त्यावर इथं चर्चा नको ही विनंती.

आकाराला बिलियर्ड म्हणतात. सरळ दांडा आणि त्याला काटकोनात उभा बाऊल, बस्स. नक्षी नाही, बाक नाही. म्हणूनच तो अवघड आहे. मोकळ्या, वळणदार आकारात एखादा मिलिमीटर इकडं-तिकडं झाला तर कुणाच्या लक्षात येत नाही. इथं अर्ध्या मिलिमीटरचा फरकही डोळ्याला खुपतो.

जुन्या पाइपवरून घेतलेली मापं : बाऊलची उंची ४५ मिमी, पोटाशी बाहेरचा व्यास ३३, आतल्या पोकळीचा व्यास २०, खोली ३८, म्हणजे भिंत साडेसहा आणि तळ सात मिमी. दांड्याचा व्यास साडेचौदा, लांबी साधारण ४०. माउथपीसची खुंटी बसायला ८ मिमीचं भोक, आणि तिथून पुढं बाऊलच्या तळापर्यंत धुराची वाट ४ मिमीची.

लाकूड ब्रायर. भूमध्य समुद्राकाठी एरिका अर्बोरिया नावाचं झुडूप वाढतं, त्याच्या मुळाच्या माथ्यावर धरणारी ही गाठ. ती बरेच तास उकळून आतला रस काढतात आणि मग महिनोन् महिने वाळवतात. मामेभावानं इटलीहून थोडे ठोकळे आणून दिलेत. ते वाया घालवायचे नाहीत, म्हणून आधी शिसवीवर सराव चालू आहे. (शिसवीची भुकटी नाकाला आणि कातडीला त्रास देते, मास्कशिवाय हात लावू नका.)

आता अडचण. ठोकळ्यावर बाजूचं चित्र काढून मी लेथच्या चार स्वतंत्र जबड्यांच्या चकमध्ये (पकडीत) धरतो. बाऊलची पोकळी ड्रिल करतो, त्याच पकडीत बाऊलचा वरचा भाग बाहेरून कातून घेतो. इथपर्यंत सुरेख येतं. मग ठोकळा ९० अंशांत फिरवून दांड्यासाठी पकडतो, भोक पाडतो, दांडा कातून घेतो. बाऊल स्वतःपुरता गोल, दांडाही स्वतःपुरता गोल. पण वरून पाहिलं की दांडा एका अंगाला झुकलेला. हिशोब केला तर बाऊलच्या मध्यापासून दांड्याच्या टोकापर्यंत छप्पन्न-सत्तावन्न मिमी होतात. पकडीत एक अंशाचा फरक पडला तरी टोकाला एक मिमी जातो.

दुसरी अडचण त्याहून मोठी. दांडा जिथं बाऊलला मिळतो तिथं दोन्ही बाजूंना जे गाल तयार होतात, तिथं लेथचं हत्यार पोचतच नाही, दांडा आडवा येतो. बाऊलचा खालचा अर्धा भागही तसाच राहतो. हे सगळं कानशीनं करावं लागतं, आणि माझा डावा गाल कायम भरलेला, उजवा बसलेला येतो. पुठ्ठ्याचा साचा करून पाहिला. बाजूच्या रेषेला तो चालतो, या दुहेरी गोलाईत टेकतच नाही.

तर प्रश्न असे :
आधी भोकं आणि मग आकार, की आधी आकार आणि मग भोकं? दोन्ही अक्ष एकाच पातळीत कसे राखायचे? गाल सारखे आहेत हे मोजायचं कशानं? आणि कानस मारताना ब्रायरमध्ये मध्येच खड्डा निघाला तर एका बाजूला आणखी लाकूड काढायचं की तो तसाच ठेवायचा?

पहिला प्रतिसाद

दादा, तुम्ही पॅटर्नवाले आहात म्हणून तुमच्या भाषेत सांगतो : तुमचा डेटम, म्हणजे सगळी मापं जिथून धरायची ती पक्की बाजू, हरवतोय. बाऊल कातून झाल्यावर ठोकळ्याला पकडण्यासारखी भरवशाची सपाट बाजू उरत नाही, म्हणून दुसरी पकड नजरेवर जाते.

ठोकळ्याच्या डाव्या-उजव्या बाजू आधी एकमेकींना समांतर करून घ्या, आणि दोन्ही अक्ष पूर्ण होईपर्यंत त्यांना हात लावू नका. पाइप बनवणारे यासाठीच दोन जबड्यांचा चक वापरतात. जबडे याच दोन बाजूंना धरतात, तेही खाली, बाऊलच्या बुडाच्या जागी. बाऊलचं काम झालं की ठोकळा त्याच दोन जबड्यांमध्ये काटकोनात फिरवायचा. बाजू त्याच, जबडे तेच, त्यामुळं दोन्ही अक्ष आपोआप एकाच मध्यपातळीत येतात. अंशाची चूक झालीच तर ती वर-खाली होईल, डावी-उजवी नाही. वर-खालची चूक बाजूच्या चित्रावर लगेच दिसते आणि टेलस्टॉकच्या (लेथच्या चकसमोरच्या टोकाच्या) सेंटरवर सुधारता येते.

असा चक नसेल तर लाकूडकामाच्या सेल्फ-सेंटरिंग चकचे समोरासमोरचे दोन जबडे काढा आणि उरलेल्या दोघांना कडक लाकडाचे पॅड बसवा. दांडा कातताना बाऊल बाहेर झुलत असतो, तेव्हा स्पीड कमी ठेवा आणि हात त्याच्या फेऱ्याबाहेर ठेवा. बोटं तोडायला तेवढा पुरेसा आहे.

धुराच्या वाटेची खालची कड पोकळीच्या तळाला टेकली पाहिजे. तुमच्या मापात भोकाचा मध्य काठापासून ३६ मिमी खाली घेतलात तर बरोबर बसेल. दांड्याची खालची रेषाही बाऊलच्या बुडापेक्षा पावणेदोन मिमी वर राहील, बिलियर्डला ते शोभतं.

आता गाल. साचा दुहेरी गोलाईत टेकणार नाहीच. तिथं काप घेऊन पाहा. दांड्याच्या मुळापासून बाऊलच्या पोटापर्यंत तीन ठिकाणी आडव्या रेषा मारा. प्रत्येक रेषेवर मऊ तार दाबून एका गालाचा आकार उचला, कागदावर उतरवा, कागद उलटा करून दुसऱ्या गालाची तार त्यावर ठेवा. फरक तिथंच दिसतो. मग भरलेल्या भागावर पेन्सिलीनं आडव्या-उभ्या रेघा ओढा आणि गोल कानशीनं रेघा पुसल्या जातील तेवढंच काढा, जास्त नाही.

डावा गाल कायम भरलेला येतो याचं कारण बहुतेक तुमच्या हातात आहे. उजव्या हाताच्या माणसाची कानस एका बाजूला ढकलताना चावते आणि दुसऱ्या बाजूला घसरते. एका गालावर बरीच घासणी करून मग दुसऱ्याकडं वळू नका. थोडं इकडं, थोडं तिकडं, आणि दर वेळी पाइप उलटा धरून दोन्ही गालांना कानस एकाच दिशेनं लागेल असं पाहा. अधूनमधून पाइप उपडा करून खिडकीच्या उजेडासमोर धरा. उपडा धरला की डोळा पाइप बघायचं सोडतो आणि नुसती कड बघतो. तिरका उजेड हा व्हर्निअरपेक्षा कडक परीक्षक आहे.

दुसरा प्रतिसाद

आधी आकार की आधी भोकं, यावर थोडं. कोपनहेगनमध्ये सिक्स्टन इव्हार्सननं आधी आकार घडवून मग ड्रिल करायची पद्धत रुजवली. त्यात लाकडाचे रेषे जसे नेतील तसा आकार घेता येतो, खड्डा लागला तर वळसा घालता येतो. डॅनिश पाइपांचं सगळं सौंदर्य त्या मोकळीकीत आहे, मला ते फार आवडतात. पण मामांना जुन्याची जोडच हवी असेल तर आधी भोकं. बिलियर्डला वळसा घालायची सोय नाही.

खड्ड्याचं म्हणाल तर ब्रायरमध्ये ते निघतातच, वरून कळत नाहीत. बारीक असेल तर राहू द्या. तो घालवायला डाव्या गालातून अर्धा मिमी काढलात तर उजव्यातूनही काढावा लागेल, आणि भिंत मुळात साडेसहाच आहे. मोठा असेल तर तो पाइप खडबडीत पोताचा करा, कारखानेही असे बाऊल सँडब्लास्ट करतात, म्हणजे वाळूसारख्या कणांच्या माऱ्यानं खडबडीत करतात.

माउथपीस बसवूनच दांड्याला शेवटची कानस मारा, नाहीतर जोडावर पायरी राहते. फाउंटन पेन बनवणाऱ्यांकडं एबोनाइटचे (कडक रबराचे) रॉड मिळतात, तेच चालतील. आणि पॅटर्नला मारतो ते लाखेचं पॉलिश इथं नको, तापल्यावर फोड येतात. बाहेरून कार्नोबा मेण पुरे. आत बरेच जण दह्यात ॲक्टिव्हेटेड कोळशाची पूड कालवून पातळ थर देतात. नवा बाऊल पहिल्या काही वेळा जळण्यापासून वाचतो.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. बाजू शेवटपर्यंत राखायची, हे वाचल्यावर माझी पकड कुठं चुकतेय ते नेमकं कळलं. तारेची युक्ती आज शिसवीच्या तुकड्यावर केली. डावा गाल दांड्याच्या मुळाशी नाही, तर त्याच्या वर, बाऊलच्या पोटाकडं भरलेला निघाला. मी इतके दिवस भलत्याच जागी घासत होतो.

एक उरलं. पॅडसाठी कोणतं लाकूड घ्यावं? माझ्याकडं बाभूळ आहे, पण ती ब्रायरवर वळ उमटवेल का? आत चामडं चिकटवलं तर पकड हलेल, अशी भीती वाटते. कुणी करून पाहिलं असेल तर सांगा. रविवारी पहिला ब्रायरचा ठोकळा चढवायचा आहे.