चार घोडेस्वार आणि सात खेचरं

1924च्या नोटर डेम या अमेरिकन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे ‘चार घोडेस्वार’, म्हणजे मागच्या फळीतले चार खेळाडू, ही निव्वळ पत्रकाराची करामत, असं काही जण म्हणतात. अर्धं पटलं. आर्मीविरुद्धच्या (अमेरिकी लष्करी अकादमीच्या संघाविरुद्धच्या) 13-7 विजयानंतर क्रीडा पत्रकार ग्रँटलंड राइसने ते नाव दिलं हे खरं. त्यावर कडी केली जॉर्ज स्ट्रिकलर या विद्यार्थी प्रसिद्धी सहायकाने. पठ्ठ्याने चौघांना खेळाच्या गणवेशात खऱ्याखुऱ्या घोड्यांवर बसवून फोटो काढून घेतला! तो देशभर छापून आला.

पण नुसत्या फोटोवर हंगामातले दहाच्या दहा सामने जिंकता येत नाहीत. ते चौघे म्हणजे स्टलड्रेअर, क्राउली, मिलर, लेडन. वजनाने कुणीच 162 पौंडांच्या (साधारण साडेत्र्याहत्तर किलो) वर नव्हतं. मदार सगळी वेगावर आणि प्रशिक्षक रॉकनीने घोटून घेतलेल्या टायमिंगवर. रोझ बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात एकट्या लेडनने तीन टचडाउन केले (म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या अंतिम रेषेपार नेला), त्यातले दोन स्टॅनफर्डचे पास मधल्यामध्ये पळवून.

माझ्या मते अन्याय झाला तो पुढच्या फळीतल्या सात जणांवर. वाट तेच मोकळी करणार, आणि नाव काय मिळालं, तर ‘सात खेचरं’! त्यांचा कप्तान ॲडम वॉल्श आर्मीविरुद्ध दोन्ही हातांची हाडं मोडलेली असताना खेळला. सेंटर, म्हणजे फळीतला मधला खेळाडू, असल्यामुळे दर चालीला चेंडू मागे द्यायचं काम त्याचंच.