कॉन मॅन राहिला, आणि पॉन्झीबद्दल थोडं
फसवणुकीसाठीच्या इंग्रजी शब्दांच्या चर्चेत फ्रॉड, फोर्जरी (खोटी सही किंवा कागदपत्रं करणं), स्कॅम, हंबग सगळे येऊन गेले, पण कॉन मॅन, म्हणजे विश्वास संपादून गंडवणारा, राहिला. यातला कॉन म्हणजे कॉन्फिडन्स. १८४९ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम थॉम्पसन नावाचा टापटीप कपड्यातला इसम अनोळखी माणसाशी जुनी ओळख असल्यासारखा बोलायचा आणि मग विचारायचा, उद्यापर्यंत तुमचं घड्याळ माझ्याकडे ठेवण्याइतका विश्वास आहे का? लोक चक्क काढून द्यायचे! तो पकडला गेल्यावर वर्तमानपत्रांनी त्याला 'कॉन्फिडन्स मॅन' म्हटलं आणि ते नाव सगळ्या जमातीलाच चिकटलं.

पॉन्झी स्कीम म्हणजे साखळी योजना, असं त्याच चर्चेत एकांनी लिहिलंय. ते पटलं नाही. साखळीत पुढची गिऱ्हाइकं तुम्हीच गाठायची असतात. पॉन्झीत पैसे भरून घरी बसायचं. नव्यांच्या पैशातून जुन्यांना 'नफा' वाटायचं काम योजना चालवणारा करतो. हे नाव ज्याच्यावरून पडलं त्या चार्ल्स पॉन्झीने १९२० मध्ये बॉस्टनला ४५ दिवसांत ५० टक्के नफा कबूल केला होता. सांगायला धंदा काय, तर परदेशात टपालाची उत्तर-कूपनं (उत्तराच्या पत्रासाठी टपाल तिकिटाच्या बदल्यात चालणारी) स्वस्तात घ्यायची आणि अमेरिकेत वटवायची. एका अर्थपत्रकाराने हिशेब मांडला : लोकांनी भरलेल्या पैशाच्या मानाने सुमारे १६ कोटी कूपनं लागली असती, प्रत्यक्षात चलनात होती २७ हजारांच्या आसपास. तरीही लोक रांगा लावत होतेच.

बाय द वे, त्याआधी कॅनडात माँट्रियलला खोट्या सहीच्या चेकपायी हे पॉन्झी गृहस्थ तुरुंगात जाऊन आले होते. म्हणजे फोर्जरीचाही अनुभव गाठीशी होता.