आईचा गुडघा: एपिड्युरल की मांडीतला ब्लॉक?

नारायणपेठकर
आईचा (वय ७१) उजवा गुडघा पुढच्या महिन्यात बदलायचाय. दोन ठिकाणी दाखवलं. एकीकडे म्हणाले, ऑपरेशननंतर दोन दिवस पाठीत एपिड्युरलची नळी ठेवू, तिच्यातून बधिर करायचं औषध सोडत राहू. दुसरीकडे म्हणाले, गुडघ्याला आता एपिड्युरल कोण देतं, मांडीत ब्लॉक देऊ, म्हणजे इंजेक्शनने तिथली नस बधिर करू. भावाच्या ओळखीतला एकजण म्हणतो, सर्जन गुडघ्याभोवती इंजेक्शनं मारतो तेवढं पुरतं. आईचं एकच: "पाठीत सुई नको, वरच्या काकूंची कंबर तेव्हापासून धरते." घर जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. काय निवडावं?

भूलवाला_कोथरूड
भूलतज्ज्ञ आहे, रोज हेच काम. आधी एक गुंता सोडवू. ऑपरेशनपुरती भूल वेगळी आणि नंतरचं दुखणं वेगळं. ऑपरेशनपुरतं पाठीत एकदाच देतात ते स्पायनलचं इंजेक्शन दोन-तीन तासांत उतरतं. तुमचा प्रश्न त्यानंतरचा आहे.

एपिड्युरलने दुखणं छान थांबतं, पण एका गुडघ्यासाठी दोन्ही पाय जड होतात, बीपी उतरतं, लघवी अडकते. शिवाय गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करायची औषधं देतात, त्यांच्या वेळा सांभाळूनच नळी काढावी लागते.

पूर्वी जांघेत फिमोरल ब्लॉक देत. त्याने मांडीचा पुढचा स्नायू ढिला पडतो आणि उभं राहिलं की गुडघा मुडपतो. म्हणून आता बरेच जण थोडं खाली, मांडीच्या आतल्या बाजूला अ‍ॅडक्टर कॅनाल ब्लॉक देतात. तिथे मुख्यतः संवेदनेची नस बधिर होते, ताकद बरीचशी राहते. मात्र गुडघ्याची मागची बाजू त्यात येत नाही. तिथे आयपॅक, म्हणजे सोनोग्राफीत बघून गुडघ्यामागची रक्तवाहिनी आणि हाड यांच्यामध्ये औषध सोडायचं, किंवा सर्जनची इंजेक्शनं. दोन्ही असतील तर बधिर करणाऱ्या औषधाचा एकूण हिशेब वजनावर बसवावा लागतो.

आईचं वजन किती? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?

पर्वती_चढणारा
माझे दोन्ही गुडघे झालेत, तीन वर्षांच्या अंतराने. पहिल्याला जांघेतला ब्लॉक. रात्री काहीच दुखेना, मला वाटलं आपण बरेच झालो. बेल न वाजवता लघवीला उठलो आणि पाय असा घडी झाला, जणू दुसऱ्याचाच. सिस्टरने पायजम्याच्या नाडीला धरलं म्हणून वाचलो.

दुसऱ्याला अ‍ॅडक्टर. त्याच संध्याकाळी वॉकरने दारापर्यंत गेलो. पण रात्रीची गोळी मी शहाणपणा करून परत पाठवली, दुखत नाही तर कशाला! अडीचला ब्लॉक उतरला. सकाळपर्यंत पंख्याची पाती मोजत होतो. तीन होती.

नारायणपेठकर
वजन ७४. स्टेंट आहे, क्लोपिडोग्रेल चालू. हे दोन्ही ठिकाणी कुणी विचारलंच नाही, आम्हीही बोललो नाही.

भूलवाला_कोथरूड
आजच कळवा. पाठीत सुई घालायची तर क्लोपिडोग्रेल साधारण ५ ते ७ दिवस आधी थांबवतात, पण थांबवायची की नाही हे हृदयाचे डॉक्टर ठरवतील. स्टेंट कधी बसला यावर बरंच अवलंबून आहे. स्वतःहून एकही गोळी बंद करू नका. अशा पेशंटमध्ये मी एपिड्युरलच्या नळीपासून लांबच राहतो. मांडीत रक्त आलं तर दाबून धरता येतं, पाठीत ते जमत नाही.

काकूंच्या कंबरेचं म्हणाल तर स्पायनलची सुई फार बारीक असते. कंबर आधीपासून धरत होती का, विचारून बघा.

भूलतज्ज्ञांना दोन गोष्टी विचारा: गुडघ्याच्या मागच्या बाजूसाठी काय देणार, आणि ब्लॉक उतरेल तेव्हा रात्री कोण बघणार. एकदाच दिलेला ब्लॉक बारा ते चोवीस तास चालतो, म्हणून पॅरासिटामॉल दुखायच्या आधीपासून, घड्याळ लावून. बाकीच्या वेदनाशामक गोळ्या किडनीचा रिपोर्ट बघून.

नारायणपेठकर
स्टेंटची फाईल सापडली, साड्यांच्या कपाटात, लाइट बिलांच्या खाली. उद्या घेऊन जातोय. काकूंना विचारलं, कंबर म्हणे मुलाच्या लग्नापासूनच धरते. आईला सगळं वाचून दाखवलं. नाडीवर खूप हसली, मग गप्प झाली आणि म्हणाली, "मी तर गाऊन घालते, मला कशाला धरतील?"