अनुभव धागा: मुलांसाठी अभ्यासाचं साहित्य कसं निवडलंत? (होमस्कूल, शाळेनंतरचा अभ्यास, वेगवेगळ्या क्षमतांची मुलं)

शेवंती

परवा भाचीचा मेसेज आला, मावशी तू दोघांना घरी शिकवायचीस तेव्हा कोणता सेट वापरायचीस, नाव सांग, मी तोच मागवते. नाव टाइप करायला घेतलं आणि थांबले, कारण माझ्याच घरात एकीला जे लागू पडलं ते दुसऱ्याच्या काही कामाचं नव्हतं. मग फोनच लावला, खूप वेळ बोललो, आणि मागचं सगळं डोक्यात जागं झालं म्हणून हा धागा काढतेय.

थोरलीला डिस्लेक्सिया. गोष्ट एकदा ऐकली की शब्दन् शब्द परत सांगायची, पण वाचायला बसलं की घ आणि ध, भ आणि म, सगळे एकमेकांत मिसळायचे. आणि ती पहिली वेलांटी! दिसते अक्षराच्या आधी, उच्चार येतो नंतर, त्यामुळे 'किती' म्हणायचं तर सुरुवातीलाच गाडी अडायची. धाकटा बरोब्बर उलटा, कोणी न शिकवता वाचायला लागला पण लिहायला सांगितलं की दोन ओळींत हात दुखायचा.

इयत्तेचा शिक्का बघून साहित्य घ्यायचं नाही हे मी भाचीला पहिल्यांदा सांगितलं. मूल अख्खंच्या अख्खं एका इयत्तेत कधी नसतं. माझी लेक वाचायला दुसरीची होती आणि विज्ञान समजायला पाचवीची, मग वाचनाचं पुस्तक दुसरीचं आणि विज्ञान पाचवीचं, फक्त ते मी वाचून दाखवायचे आणि ती तोंडी उत्तरं द्यायची. वाचता येत नाही म्हणून ग्रह-तारे, शरीर, इतिहास हे सगळं अडवून ठेवणं म्हणजे मुलावर अन्याय आहे असं मला आजही पोटतिडकीने वाटतं. धाकट्याला तसंच, वाचायला मोठी पुस्तकं आणि लिहायला मात्र एक शब्द, नाहीतर नुसती जोडी लावा.

वाचनासाठी तिला पॉलिश पेपरची अक्षरं कापून दिली होती, बोट फिरवत आवाज म्हणायचा. आणि एक पुठ्ठा, त्याला एका ओळीएवढी खिडकी. तो पुठ्ठा पानावर ठेवला की बाकीच्या ओळी गायब. तिने तो स्वतः सरकवायचा, मी हात लावायचा नाही असा तिचा नियम होता.

तुमचे अनुभव लिहा. घरी शिकवत असाल किंवा शाळा सुटल्यावर तासभर घेत असाल, काय चाललं, काय नाही, सगळं.

निळीशाई

किती छान लिहिलंयस गं. पुठ्ठ्याची खिडकी आजच करते. रात्री सविस्तर लिहीन, आत्ता कुकर लावायचाय.

बाबाखरोखरचा

मुलगा ऑटिझम स्पेक्ट्रमवर. वर्कबुक घेताना मी एकच गोष्ट बघतो, पानावर किती गर्दी आहे. कोपऱ्यात हसरं अस्वल, बाजूला फुगे, खाली 'शाब्बास', आणि मधे कुठेतरी बेरीज. आमचा लेक अस्वलाच्या टोपीवरचे ठिपके मोजणार आणि बेरीज राहणार. म्हणून पांढरं पान, एका पानावर तीन-चार गणितं, मोठा टाइप. नाही मिळालं तर आम्ही वर्कबुक सरळ कापतो, एका वेळी एक पट्टी समोर, झाली की डब्यात टाकायची. डबा भरला की अभ्यास संपला हे त्याला दिसतं, आणि संपणार कधी हे कळलं की अर्धी भांडणं होतच नाहीत.

बोलायला लागायच्या आधी चित्रांची कार्डं देऊन मागायचं शिकवलं होतं, ती पेक्स पद्धत, १९८५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली. बऱ्याच जणांनी घाबरवलं की कार्डं दिलीत तर बोलणारच नाही. तसं काही होत नाही, उलट मागितलं की मिळतं हे कळल्यावर आमच्याकडे शब्द यायला लागले. वाट बघत बसू नका एवढंच सांगतो.

खारूताई

अस्वलाच्या टोपीवरचे ठिपके!! आमच्याकडे पण हाच प्रकार, फक्त आमची अस्वलाला नाव ठेवते, मग त्याच्या बहिणीला नाव, मग त्यांचं लग्न.

बाबाखरोखरचा

@खारूताई हाहा, लग्नाला आम्हाला बोलवा, ठिपके मोजणारा पाहुणा घेऊन येतो.

आजोबा_गणितवाले

नातवाला शाळेतून आल्यावर मी बसवतो. आकड्यांची त्याला भीती आहे, डिस्कॅल्क्युलिया (आकडे आणि गणित समजायलाच अडचण) असं तपासणीत आलं. आमचं सगळं काम रंगीत कांड्यांवर चालतं. बेल्जियमच्या क्विझनेअर नावाच्या शिक्षकाच्या नावाने ओळखतात त्या. पांढरी एक सेंटीमीटरची, लाल दोन, असं करत केशरी दहाची. कांड्यांवर आकडे नसतात, हीच त्यातली मोठी गोष्ट. काळी सातची. तिच्या शेजारी लाल आणि पिवळी लावली की बरोबर बसते, फिकी हिरवी आणि जांभळी लावली तरी बसते. नातू हे तासन् तास करतो, आणि आपण सातचे भाग पाडतोय हे त्याला सांगावंच लागत नाही.

अपूर्णांकाला तर याला तोड नाही. केशरी म्हणजे एक धरला तर अर्धा कोण? पिवळी. तपकिरी एक धरली तर? आता अर्धा जांभळी झाली. 'आजोबा अर्धा बदलला!' म्हणून ओरडला होता. अर्धा कशाचा हे विचारल्याशिवाय अर्ध्याला अर्थ नाही, हे मोठ्या मोठ्या मुलांना सांगून कळत नाही, ते त्याच्या हाताला कळलं.

माझं म्हणणं एवढंच, आधी वस्तू, मग वस्तूचं चित्र, मग आकडा. शाळा थेट आकड्यावर जाते. मग घरीही आकड्यांचीच वही कशाला परत काढायची? शाळेनंतरच्या साहित्याने शाळेत राहून गेलेली पायरी भरावी. आणि कांड्या काढून घ्यायची घाई करू नये, मूल स्वतःच एक दिवस बाजूला ठेवतं.

पाऊलवाट

आजोबा, तुमच्या नातवाचा हेवा वाटतो.

रानजाई

माझ्या मुलाला डाउन सिंड्रोम आहे. कोणी लिहिलं नाही अजून म्हणून लिहितेय, झोपलाय तोवर. या मुलांची बघून लक्षात ठेवायची ताकद ऐकून लक्षात ठेवण्यापेक्षा बहुतेक वेळा चांगली असते, शिवाय बऱ्याच जणांना ऐकायला कमी येत असतं, तर कानाची तपासणी आधी करून घ्या मग साहित्याचं बघा. आम्ही मुळाक्षरांपासून सुरुवात केलीच नाही. अख्खे शब्द, तेही त्याच्या माणसांचे. आई, बाबा, ताई, त्याच्या कुत्र्याचं नाव. एका कार्डावर फोटो आणि शब्द, दुसऱ्यावर नुसता शब्द, जोडी लावायची, मग दे म्हटलं की द्यायचं, मग स्वतः म्हणायचं. याच क्रमाने. वाचायला लागल्यावर त्याचं बोलणं सुधारलं, वाक्यातले जे छोटे शब्द कानावरून निसटायचे (ला, ने, वर, आणि) ते कार्डावर दिसायला लागले ना. 'ताई वर आहे' हे त्याने पहिल्यांदा कार्डं लावून केलं आणि मग जिन्याकडे बोट दाखवलं, ताई खरंच वरच्या खोलीत होती. अक्षरं नंतर आली, आली पण.

बाजारातल्या सेटमध्ये 'अ' ला 'अननस' असतो. त्याला अननसाचं काय देणंघेणं. स्वतःची कार्डं करा बायांनो.

शेवंती

@रानजाई डोळ्यात पाणी आलं. 'ताई वर आहे' 🙂 खूप खूप प्रेम त्याला.

खारूताई

कार्डं लॅमिनेट करता का? आमच्याकडे चावली जातात.

रानजाई

हो, आणि कोपरे गोल कापते नाहीतर टोचतात. चकाकी नसलेली फिल्म मिळाली तर ती घे, दिव्याखाली चमकलं की तो कार्ड बघतच नाही, चमक बघतो.

ओटीवाली

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, सल्ला म्हणून नाही, सहज लिहितेय. धाकट्याच्या हात दुखण्याबद्दल वाचलं. त्रिकोणी जाड पेन्सिल, उतरत्या फळीवर वही, उठाव असलेल्या ओळींचा कागद (बोटाला ओळ लागते), हे सगळं उपयोगी पडतं पण आधी खुर्ची बघा. पाय लोंबकळत असतील तर हात स्थिर राहत नाही. पायाखाली खोकं ठेवून बघा, महागडी ग्रिप घ्यायच्या आधी. आणि लिहिणं शिकायचं असेल तेव्हा लिहिणं, विचार मांडायचा असेल तेव्हा बोलून टाइप करू द्या. दोन्ही एका बैठकीत मागितलं की काही मुलं दोन्ही सोडून देतात.

डावखुरी

ओटीवाली ताई डाव्या हाताच्या कात्रीबद्दल पण लिहा ना प्लीज, लोकांना वाटतं कात्री कात्री असते. डाव्या हाताच्या कात्रीची पाती उलट बसवलेली असतात म्हणून कापायची रेघ दिसते. माझं अख्खं लहानपण वाकडं कापण्यात गेलं आणि बोलणी खाल्ली.

ओटीवाली

तुम्हीच उत्तम लिहिलंत, अजून काय लिहू 🙂

निळीशाई

आले परत. मला वेगळं विचारायचंय, तुमचं मूल 'व्हिज्युअल लर्नर' (बघून शिकणारं) आहे का 'ऑडिटरी' (ऐकून शिकणारं) ते ठरवा मग साहित्य निवडा असं सांगतात, त्याच्या चाचण्या पण असतात. करावी का? आणि डिस्लेक्सियाला रंगीत प्लास्टिकचा कागद पानावर ठेवतात तो?

विशेष_शिक्षिका

@निळीशाई नका करू. २००८ मध्ये चार मानसशास्त्रज्ञांनी शिकण्याच्या या शैलींवरचं संशोधन तपासलं होतं, शैली ओळखून तसं शिकवलं की जास्त शिकतात याला पुरेसा पुरावा मिळाला नाही. रंगीत फिल्मबद्दल अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये एकत्र सांगितलंय की डिस्लेक्सियावर तिचा उपयोग होतो असा पुरावा नाही. रानजाईंचं प्रकरण निराळं, तिथे मुलाची खरी अडचण कुठे आहे ते माहीत आहे आणि त्यावरून साहित्य ठरवलंय.

डिस्लेक्सियाच्या मुलाला आवाज आणि अक्षर यांचं नातं पायरीपायरीने, भरपूर उजळणी करत, स्पष्ट शिकवणारं साहित्य हवं. ऑर्टन नावाचे डॉक्टर आणि गिलिंगहॅम नावाच्या शिक्षिका १९३० च्या दशकापासून हेच सांगत होते. पुस्तक उघडून बघा, शिकवलेल्या अक्षरांतूनच पहिले धडे तयार केलेत का. अजून जोडाक्षर आलंच नाही आणि दुसऱ्याच पानावर 'प्रज्ञा' आणि 'स्पष्ट' असेल तर मूल अंदाजाने वाचायला शिकतं, आणि अंदाजाची सवय सोडवायला फार कष्ट पडतात. दाखवायला मिळत असतील तर पहिली दहा पानं आणि मधली दहा पानं बघा. पहिली सगळ्यांचीच गोड असतात, चढ मधे येतो.

मोंटेसोरीबाई स्वतः डॉक्टर होत्या, १९०७ ला रोममध्ये त्यांनी बालगृह सुरू केलं त्याच्या आधी मतिमंद म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांबरोबर त्यांनी काम केलं होतं, बरंचसं साहित्य तिथलंच. म्हणजे शेवंतीताईंच्या अक्षरांसारखी बोट फिरवायची अक्षरं मुळात याच मुलांसाठीची, बाकीच्यांनी नंतर घेतली.

सहाठिपके

मी स्वतः अंध आहे, मुलगीही. डोळसांचं साहित्य 'अंधांसाठी सोपं करून' देतात तेव्हा बरेचदा चित्रं काढून टाकतात आणि मजकूर ब्रेलमध्ये देतात. चित्रातलंच तर भूमितीत आणि भूगोलात शिकायचं असतं! आम्ही दोऱ्याने, फेव्हिकॉलच्या रेघेने नकाशे करतो. एका नकाशावर एकच गोष्ट, नद्या वेगळ्या, सीमा वेगळ्या, नाहीतर बोटाखाली नुसता गुंता.

गणिताला टेलर फ्रेम. पाटीत अष्टकोनी भोकं, त्यात धातूचा ठोकळा आठ दिशांना फिरवून लावता येतो, दिशेवरून आकडा. मुलगी हातच्याची बेरीज यावरच शिकली. नुसतं बोलणारं ॲप दिलं तर उत्तर मिळतं पण आकडे एकाखाली एक मांडणं हाताला कळत नाही. आणि ऑडिओ पुस्तकं जरूर द्या पण ब्रेल सोडू नका, स्पेलिंग आणि ऱ्हस्व-दीर्घ कानाने येत नाही.

पुस्तकांचं म्हणाल तर २०१३ चा माराकेश करार आहे, २०१६ पासून लागू. ज्या देशांनी तो स्वीकारलाय तिथे छापील पुस्तकाची वाचता येईल अशी प्रत करायला आणि दुसऱ्या देशातून मागवायला प्रकाशकाची परवानगी अडवत नाही. अंधांपुरताच नाही, डिस्लेक्सियाच्या मुलांनाही तो लागू होतो. शेवंती, भाचीला हे नक्की सांगा, आपल्या वाचनालयात विचारायला सांगा.

शेवंती

हे मला अजिबात माहीत नव्हतं. आत्ताच तिला पाठवलं.

कानाचीआई

लेकाला श्रवणयंत्र आहे. एकच विनंती, शैक्षणिक व्हिडिओ निवडताना मागे संगीत आहे का ते ऐका. यंत्र सगळंच मोठं करतं, संगीतसुद्धा, मग बाई काय म्हणतायत ते बुडतं. बोलणाऱ्याचा चेहरा दिसला पाहिजे आणि खाली मजकूर हवा, आपोआप आलेला नको, माणसाने तपासलेला. नाहीतर लेक चुकीचा शब्द वाचतो आणि तोच पाठ करतो.

पाऊलवाट

कोणी थकलेल्या आयांबद्दल लिहा हो. शाळा, मग थेरपी, मग घरी अभ्यास, रात्री साहित्य कापत बसायचं. एडीएचडी (लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही) आहे आमच्या कन्येला, साडेसहानंतर ती आणि मी दोघी संपलेल्या असतो.

आजोबा_गणितवाले

@पाऊलवाट बेटा, मग साडेसहानंतर काहीच घेऊ नकोस. सकाळी दहा मिनिटं बघ. मी दहाच मिनिटं घेतो, तोच 'अजून' म्हणतो तेव्हा बंद करतो.

बाबाखरोखरचा

आणि साहित्य कापायचं काम दुसऱ्या कोणालातरी दे. आमच्याकडे ते मामाकडे आहे, तो टीव्ही बघत कापतो.

पाऊलवाट

थँक यू दोघांना. दिरांना देते कात्री. ते डावखुरे आहेत, आता कुठली कात्री ते पण कळलं.

डावखुरी

😄 त्यांना माझा नमस्कार सांगा.

निळीशाई

@सहाठिपके फेव्हिकॉलची रेघ वाळायला किती वेळ ठेवता? आणि वाळल्यावर चपटी होत नाही का?

सहाठिपके

रात्रभर. होते थोडी चपटी, वाळल्यावर त्याच रेघेवर दुसरा थर द्यायचा. नदीला दोन थर, उपनदीला एक, म्हणजे बोटालाच फरक कळतो.