चर्चा: ताम्रपटात सरंजामशाही खरंच आहे, की साचा आधी आणि ताम्रपट नंतर?

गोदाकाठ

मार्क्सवादी इतिहासलेखनाचा विषय निघाला की दोनच सूर लागतात. एक मार्क्सवादी इतिहासकार दा. ध. कोसंबींच्या आरतीचा, दुसरा 'डाव्यांनी इतिहास नासवला' हा. दोन्ही ऐकून कान किटले. म्हणून एकच दावा घेऊ आणि तो महाराष्ट्रातल्याच लेखांवर घासून बघू.

दावा रामशरण शर्मांचा, १९६५च्या 'इंडियन फ्यूडॅलिझम' या पुस्तकातला. राजांनी ब्राह्मणांना, देवळांना जमिनी आणि गावं दिली, सोबत महसूल आणि कारभाराचे हक्कही सोडले. दूरचा व्यापार आटला, नाणी कमी झाली, शहरं ओस पडली, आणि शेतकरी दान घेणाऱ्याच्या कह्यात गेला. थोडक्यात, युरोपासारखी सरंजामशाही.

कारभाराचे हक्क सोडल्याचा अगदी आरंभीचा पुरावा म्हणून शर्मा सातवाहनांकडे बोट दाखवतात. नाशिकच्या लेण्यातला गौतमीपुत्र सातकर्णीचा वर्ष १८चा लेख बघा. भिक्षूंना २०० निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) शेत दिलं आहे आणि पुढे सवलती आहेत: 'अपावेसं अनोमसं अलोणखादकं अरठसविनयिकं सवजातपारिहारिकं'. म्हणजे राजाच्या माणसांनी शिरायचं नाही, हात लावायचा नाही, मिठासाठी खणायचं नाही, जिल्ह्याच्या अंमलदारांनी ढवळाढवळ करायची नाही, आणि बाकीच्याही सगळ्या माफ्या. इथवर शर्मांचं वाचन बरोबर आहे.

आता पाचव्या शतकात या. अचलपूरजवळच्या चम्मकचा ताम्रपट, वाकाटक दुसरा प्रवरसेन, राज्यवर्ष १८. चर्मांक गाव, राजमानाने ८००० भूमी, १००० ब्राह्मणांना दान (नावं ४९ जणांचीच कोरली आहेत). माफ्यांची यादी लांबलचक आहे. पण शर्मांचा सिद्धान्त सांगणारे बहुतेक जण तिथेच थांबतात. पुढच्या ओळी वाचा. दान चंद्रसूर्य असेतो चालेल, पण अट अशी की या ब्राह्मणांनी राज्याशी द्रोह करायचा नाही, चोरी, व्यभिचार, राजाला विषप्रयोग करायचा नाही, लढाई करायची नाही, दुसऱ्या गावांना उपद्रव द्यायचा नाही. तसं केलं किंवा त्याला संमती दिली, तर राजाने गाव काढून घेतल्यास ती चोरी ठरणार नाही.

जो राजा हे कोरून घेतो त्याची सत्ता विरघळत चालली होती, असं म्हणवत नाही. युरोपात जमीन मिळते ती घोडेस्वार पुरवायच्या बोलीवर. इथे जमीन देताना अट काय, तर लढू नका! पुराभिलेखतज्ज्ञ दिनेशचंद्र सरकारांनी याला सरंजामशाही म्हणायला नकार दिला तो याच मुद्द्यावर: पुण्यासाठी दिलेली जमीन आणि लष्करी चाकरीसाठी दिलेली जमीन यांची गल्लत करू नका.

माझं म्हणणं असं: मार्क्सवादाने आपल्याला प्रश्न फार मोलाचे दिले. धान्य कोण पिकवतो, वरचा वाटा कोण उचलतो, हे आधी कोणी धड विचारतच नव्हतं. पण उत्तर कुठल्या खणात टाकायचं हे आधीच ठरलेलं असलं की ताम्रपटाचा अर्धाच भाग वाचला जातो.

दख्खनी

असहमत. आणि अर्धा ताम्रपट वाचण्याचा आरोप तुमच्यावरही येतो, कारण तुम्ही पाचव्या शतकात थांबलात.

चम्मकच्या माफ्यांत 'सर्वविष्टिपरिहारपरिहृत' असं आहे, म्हणजे गाव सगळ्या वेठीतून मोकळं. आता आठव्या-नवव्या शतकातले राष्ट्रकूट ताम्रपट काढा. ठरलेली ओळ अशी येते: 'सोद्रंगः सपरिकरः सदशापराधः सभूतवातप्रत्यायः सोत्पद्यमानविष्टिकः सधान्यहिरण्यादेयः अचाटभटप्रवेश्यः'. यातले दोन शब्द धरा. 'सोत्पद्यमानविष्टिक' म्हणजे जी वेठ निघेल ती दानासकट. 'सदशापराध' म्हणजे दहा अपराधांच्या दंडासकट. आधी राजा म्हणत होता 'या गावाला वेठ माफ'. आता म्हणतो 'वेठ तुम्ही घ्या, दंडही तुम्हीच वसूल करा'. श्रमावरचा हक्क आणि दंडाचा अधिकार, दोन्ही राजाकडून खाली उतरले. शर्मा दुसरं काय सांगत होते?

दुसरं, 'मार्क्सवादी साचा' असं एकवचनात म्हणता तेच चुकीचं आहे. शर्मांच्या दाव्यावर सगळ्यात जोरात हल्ला कोणी केला? हरबन्स मुखियांनी, १९७९ साली इंडियन हिस्ट्री काँग्रेसमध्ये. तेही मार्क्सवादी परंपरेतच वाढलेले. त्यांचं म्हणणं, भारतातला शेतकरी आपल्या अवजारांचा आणि कसण्याच्या प्रक्रियेचा धनी होता, वेठ मुख्यतः शेतीबाहेरच्या कामांना लागे, म्हणून युरोपातल्या भूदासाशी तुलना टिकत नाही. इरफान हबीबही मुघल काळाला सरंजामशाही म्हणत नाहीत. तिथे महसूल हाच खंड, असं ते मांडतात. कोसंबींनी तर १९५६ सालीच 'वरून' आणि 'खालून' अशी दोन पावलं वेगळी केली: आधी राजा मांडलिकांना, अधिकाऱ्यांना हक्क वाटतो, आणि नंतर गावातच राजा व शेतकरी यांच्या मधे जमीनवाला वर्ग तयार होतो.

आणि साच्याला पहिला हातोडा कोणी मारला? कम्युनिस्ट नेते डांग्यांनी १९४९च्या पुस्तकात वैदिक यज्ञ म्हणजे आदिम साम्यवादाची उत्पादनपद्धती असं ठरवून पाच अवस्थांची शिडी भारताला टेकवली. तेव्हा त्या पुस्तकाची सालं काढली ती कोसंबींनी, भांडारकर संस्थेच्या नियतकालिकात. खुद्द मार्क्सचं १८५३चं 'न बदलणारं स्वयंपूर्ण खेडं' त्यांनी मोडीत काढलं ते साध्या गोष्टीवरून: बहुतेक खेड्यांत ना मीठ निघतं ना धातू. दोन्ही बाहेरून आणायचे, म्हणजे बदल्यात काहीतरी द्यायचं. तुम्हीच दिलेल्या नाशिकच्या लेखात मिठाच्या खणतीचा स्वतंत्र उल्लेख आहे, तो उगाच नाही.

स्पष्टवक्ता

एवढ्या संस्कृतच्या मागे खरी गोष्ट लपते. आयसीएचआर (भारतीय इतिहास संशोधन परिषद) १९७२ साली निघाली, पहिले अध्यक्ष कोण? शर्मा. पाठ्यपुस्तक कोणी लिहिलं? शर्मांनी. संस्था ताब्यात असल्या की सिद्धान्त आपोआप खरा होतो.

दख्खनी

@स्पष्टवक्ता, शर्मांचं शालेय पुस्तक १९७७मध्ये आलं आणि पुढच्याच वर्षी जनता सरकारच्या काळात अभ्यासक्रमातून काढलंही गेलं. ताबा इतका पक्का असता तर वर्षभरात पुस्तक उडालं नसतं. बाकी, अध्यक्ष कोण होता यावरून 'सदशापराध'चा अर्थ बदलत नाही.

नाणेघाट

वेठीचं तुम्ही दोघं बघा. शर्मांच्या मांडणीतला कच्चा सांधा दुसरीकडे आहे, नाण्यांत.

आधी कोसंबींचं श्रेय. ते गणिती होते आणि आहत (ठसे मारून पाडलेल्या) नाण्यांचं वजन करायची त्यांची रीत अजून वापरण्यासारखी आहे. टाकसाळीतून निघालेल्या नाण्यांची वजनं जवळजवळ सारखी असतात. हातोहात फिरून ती झिजतात, म्हणजे सरासरी उतरते आणि वजनांतली तफावत वाढते. मागच्या बाजूचे छोटे ठसे मोजले तर जास्त ठशांची नाणी हलकी भरतात. यावरून साठ्यातल्या नाण्यांचा क्रम लावता येतो. फसतं कुठे? संग्रहालयात आम्लाने साफ केलेल्या नाण्यांत, कारण झीज आणि धुलाई यांतला फरक तराजूला कळत नाही. आणि वेगवेगळे साठे एकत्र करून सरासरी काढली की सगळंच ओम फस.

हीच काटेकोर नजर शर्मांच्या 'नाणी आटली' या दाव्याला लावा. नवी नाणी पाडली नाहीत आणि नाणी चलनात नव्हती, ही दोन वेगळी विधानं आहेत. कलचुरी कृष्णराज सहाव्या शतकातला. त्याच्या चांदीच्या रूपकांचा उल्लेख अंजनेरीच्या भोगशक्तीच्या ताम्रपटात येतो, कलचुरी संवत ४६१, म्हणजे इ.स. ७१०च्या सुमारास. राजा मरून शतक उलटलं, तरी हिशेब त्याच्याच नाण्यात. त्याच भोगशक्तीच्या दुसऱ्या लेखात उजाड समगिरिपट्टण पुन्हा वसवून व्यापाऱ्यांना जकात माफ केली आहे. चिंचणीचा ९२६चा राष्ट्रकूट ताम्रपट बघा: संजाणचा कारभार मधुमती नावाच्या ताजिकाकडे, म्हणजे अरबी व्यापाराशी जोडलेल्या मुसलमान अधिकाऱ्याकडे, आणि तो नदीवर फुकट नाव आणि अन्नछत्र चालवतो. व्यापार आटलेल्या किनाऱ्याचं हे चित्र नव्हे. उत्तर भारतातल्या साठ्यांवरून जॉन डेयेल यांनी १९९०मध्ये हेच दाखवलं: चांदी कमी झाली तरी हिणकस नाणी ढिगाने होती.

यातली खरी अडचण उधारीची आहे. बेल्जियन इतिहासकार आँरी पिरेनने युरोपासाठी मांडलेला 'व्यापार तुटला, म्हणून सरंजामशाही' हा धागा शर्मांनी उचलला. पिरेन काही मार्क्सवादी नव्हे. म्हणजे दोष मार्क्सच्या नावावर टाकण्याआधी दुकान बघून घ्या.

शहरं ओस पडली याचा पुरावाही बेताचाच आहे. पैठण, तेर, नेवासे इथली जुनी उत्खननं बहुतेक उभ्या, अरुंद चरांची. वरचा मध्ययुगीन थर आजच्या वस्तीखाली. जिथे खणलंच नाही तिथे वस्ती नव्हती, असं कसं म्हणायचं?

सत्यशोधी

तिघांच्याही मांडणीत एक माणूस गायब आहे. वेठ कोण करत होतं? शर्मा म्हणतात शेतकरी, मुखिया म्हणतात शेतकरी मोकळा होता. 'विष्टि' हा शब्द ताम्रपटात येतो, पण ती कुठल्या जातीने करायची हे कोरलेलं नसतं. मग मार्क्सवादी इतिहासकार तिथे 'शेतकरी वर्ग' भरतो आणि पुढे जातो.

मराठेशाहीपासून इंग्रजी अमलापर्यंतची कागदपत्रं बघा, वेठ कोणाच्या डोक्यावर होती ते लख्ख दिसतं. महारांचं वतन म्हणजे सरकारी कामाला रात्रंदिवस हजर राहणं, मोबदला तुटपुंजी जमीन आणि घरोघरचं बलुतं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात १८७४च्या वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं ते यासाठीच. कनिष्ठ गाववतनं कायद्याने रद्द व्हायला १९५८ उजाडलं. कुणब्यालाही वेठ पडे, पण त्याची आणि महाराची वेठ एक नव्हे. एकाची अडीअडचणीची, दुसऱ्याची जन्माची.

शरद पाटील १९७८ साली मार्क्सवादी पक्षातून बाहेर पडले आणि सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला, त्यामागे हाच वाद होता: जात हा (उत्पादनव्यवस्थेच्या) पायावरचा इमला नव्हे, ती पायातच आहे. त्यांची भाषांतरं आणि व्युत्पत्ती कधीकधी फार ताणलेल्या असतात, पण हा मुद्दा अजून कोणी खोडलेला नाही. कोसंबींनी जातीला उत्पादनाच्या मागास पातळीवरचा वर्ग म्हटलं. म्हणजे उत्पादन सुधारलं की जात जाईल! मुंबईच्या गिरण्यांत वाफेची यंत्रं आली, तरी विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नव्हते, कारण सुताचं टोक तोंडाने ओढावं लागे.

गोदाकाठ

@दख्खनी, 'सोत्पद्यमानविष्टिक' जड आहे, मानलं. पण ही ओळ राष्ट्रकूटांची नाही. वलभीच्या मैत्रकांच्या ताम्रपटांत सहाव्या-सातव्या शतकातच ती जवळपास शब्दशः येते. राष्ट्रकूटांच्या लेखनिकांनी गुजरातेतला मसुदा उचलला असेल, तर ती दख्खनच्या गावातली वस्तुस्थिती आहे की आजच्या खरेदीखतातल्या 'झाडेझुडपे, दगडधोंडे, निधीनिक्षेपासह' सारखी ठोकळ ओळ? निधीनिक्षेप लिहिला म्हणून शेतात हंडा निघत नाही.

उलट नाशिकलाच क्षत्रप नहपानाचा जावई उषवदाताचा वर्ष ४२चा लेख घ्या. ३००० कार्षापण (नाणी), त्यातले २००० विणकरांच्या एका श्रेणीकडे (व्यवसायसंघाकडे) दरमहा शेकडा १ दराने, १००० दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्क्याने. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी १२. गुणून बघा: २००० वर दरमहा २०, वर्षाला २४०, भागिले २० म्हणजे बरोबर १२. ठोकळ मसुद्यात असा हिशेब जुळत नाही. इथे खरे पैसे खऱ्या श्रेणीकडे गेले आहेत. वेठीचा असा एक तरी हिशेब दाखवा: किती माणसं, किती दिवस, कोणासाठी.

दख्खनी

व्याजाचा हिशेब कोरला जातो, कारण भिक्षूंना श्रेणीकडून पैसे वसूल करायचे असतात. वेठीचा कोण कशाला कोरेल? घेणारा आणि लिहिणारा एकाच बाजूचे. तुमची कसोटी लावली तर ज्याच्याकडून घेतलं जातं त्याचा इतिहास कधीच सिद्ध होणार नाही.

मसुदा उचलला म्हणता तर तो कुठे बदलला ते तपासा. मिराशींनी संपादित केलेला वाकाटक लेखांचा १९६३चा खंड आणि राष्ट्रकूट ताम्रपट शेजारी ठेवून माफ्यांचा तक्ता करा: कुठला शब्द कुठल्या दशकात येतो, कुठे गळतो, गावाला एक आणि शेताला दुसरा असा फरक पडतो का. लेखनिक डोळे मिटून नक्कल करत असेल तर गावदान आणि शेतदान दोन्हींत तीच ओळ दिसेल. 'सदशापराध' फक्त गावदानातच भेटला, तर तुमचं खरेदीखत बाद.

सत्यशोधी

त्या तक्त्यात एक रकाना वाढवा: दान घेणाऱ्याचं गोत्र कोरलं आहे आणि गावात राबणाऱ्याचं नावही नाही, असे ताम्रपट किती.