इंजिनिअरिंग कॉलेजात ॲक्रेडिटेशनची (अभ्यासक्रमाच्या मानांकनाची) समिती येऊन गेली. वर्गात काय बदललं?

खडूफळा:
तीन दिवसांच्या भेटीसाठी आमच्या विभागाने चार महिने फायली रचल्या. प्रत्येक विषयाची उद्दिष्टं, परीक्षेतला कुठला प्रश्न कुठल्या उद्दिष्टाखाली, मग त्या उद्दिष्टांची पदवीच्या निष्पत्तींशी (पदवी घेताना विद्यार्थ्याला काय काय यायला हवं त्याच्याशी) जोडणी, आणि ती किती घट्ट त्याचा आकडा: कुठे १, कुठे २, कुठे ३. थर्मोडायनॅमिक्सला 'संवादकौशल्या'समोर २ कसे, असं मी विचारलं. उत्तर आलं, "मागच्या वेळी २ होते." त्या दोनावरून एक्सेलने अटेनमेंट (उद्दिष्ट किती गाठलं ते) काढलं २.१४. दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत! आंतरराष्ट्रीय दर्जा तो हाच असेल, तर तो फायलींचा आहे, शिकवण्याचा नाही.

स्पॅनर:
असहमत. तुमचा राग कारकुनीवर आहे, तो दर्जावर काढू नका. १९८९ मध्ये सहा देशांतल्या मानांकन देणाऱ्या संस्थांनी वॉशिंग्टन करार केला तो एवढ्यासाठीच, की एकाने तपासलेली इंजिनिअरिंगची पदवी दुसऱ्याने पुन्हा मुळापासून तपासू नये. मानांकन कॉलेजला नसतं, त्या त्या अभ्यासक्रमाला असतं. त्याने नोकरी मिळत नाही, इंजिनिअर म्हणून काम करायचा परवानाही आपोआप मिळत नाही. पण परवान्यासाठी अर्ज केला तेव्हा माझी पदवीची अट एका कागदात मिटली. सहकाऱ्याच्या अभ्यासक्रमाला मानांकन नव्हतं. तो बिचारा एकेका विषयाचा सिलॅबस जुन्या विद्यापीठातून मागवत बसला.

वर्कशॉपवाला:
आणि डिप्लोमावाल्यांचं काय? सगळे वॉशिंग्टनवरच बोलतात.

स्पॅनर:
आहे ना. टेक्नॉलॉजिस्टसाठी २००१ चा सिडनी करार, टेक्निशियनसाठी २००२ चा डब्लिन.

फाइलग्रस्त:
यातली गंमत बघा. आधी समित्या काय मोजायच्या? तास, क्रेडिट, प्राध्यापक, यंत्रं. या मोजदादीला कंटाळूनच अमेरिकेतल्या एबेट या मानांकन संस्थेने १९९६ मध्ये नवे निकष मंजूर केले: किती शिकवलं ते सोडा, विद्यार्थ्याला काय येतं ते दाखवा. कसं दाखवायचं ते विभागाने ठरवावं. १-२-३ चा तक्ता किंवा २.१४ हा आकडा एबेटच्या निकषांत मागितलेला नाही. मोकळीक मिळाली आणि आपण तिचाही फॉर्म केला. मीही केलाय, म्हणून अधिकाराने सांगतो.

खडूफळा:
मान्य. पण मोकळीक कागदावरच असते. समितीतले सभासद म्हणजे दुसरीकडचे आमच्यासारखेच प्राध्यापक. त्यांना ओळखीचा तक्ता दिसला की हायसं वाटतं. तक्त्याशिवाय त्यांच्यासमोर जायची छाती कुठल्या विभागप्रमुखाची आहे?

बॅकबेंचर:
मी विद्यार्थी होतो तेव्हाचं सांगतो. समितीने शिक्षकांना बाहेर बसवून आम्हाला विचारलं, टेन्साइल टेस्ट (धातू ताणून तोडायचा प्रयोग) स्वतः केली का? आम्ही खरं सांगून टाकलं. त्या टेस्टचं मशीन, यूटीएम, बंद; रीडिंग मागच्या बॅचच्या जर्नलमधून (प्रयोगवहीतून). ते अहवालात आलं आणि पुढच्या सत्रात मशीन चालू झालं. आमच्या अर्जांनी जे झालं नाही, ते एका वाक्याने झालं. म्हणून समिती हवीच.

खडूफळा:
चांगलं झालं. मशीन किती दिवस बंद होतं?

बॅकबेंचर:
दिवस नाही हो, तीन वर्षं.

खडूफळा:
आणि त्या तीन वर्षांत त्या प्रयोगाचं अटेनमेंट?

बॅकबेंचर:
भरपूर असणार. जर्नलं सगळ्यांची पूर्ण होती.