बेंटग्रास जाऊन बर्म्युडा आल्यापासून पटिंग आणि चिपिंग बिघडले आहे, मार्गदर्शन हवे

नमस्कार. मी नॉर्थ कॅरोलायनात राहतो आणि गेली अकरा वर्षे एकाच क्लबवर गोल्फ खेळतो. हँडिकॅप १४ आहे, म्हणजे मध्यम दर्जाचा खेळाडू. गेल्या उन्हाळ्यात आमच्या क्लबने अठराही ग्रीन (होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) बंद ठेवली, बेंटग्राससह वरचा थर खरवडून काढला आणि वाळूवर 'चॅम्पियन' या अल्ट्राड्वार्फ (अगदी बुटक्या) बर्म्युडा गवताचे कोंब लावले. निर्णयाबद्दल माझी तक्रार नाही. बेंटग्रास हे थंड हवेचे गवत आहे आणि इथल्या दमट उन्हाळ्यात ते जगवण्यासाठी ग्रीनशेजारी पंखे लावावे लागत, भर दुपारी हलके पाणी शिंपडावे लागे, तरीही ऑगस्टपर्यंत त्याला टक्कल पडायचेच. इथल्याच पाइनहर्स्टच्या दोन नंबरच्या कोर्सनेही २०१४ मधील पुरुषांची आणि महिलांची अशा दोन्ही यूएस ओपन स्पर्धा आटोपताच हेच केले, आणि २०२४ ची ओपन चॅम्पियनवर खेळली गेली.

माझी अडचण अशी की ग्रीनचा वेग पूर्वीइतकाच सांगितला जातो, स्टिम्पमीटरवर (चेंडू घरंगळत सोडण्याची खाचेची पट्टी) साधारण दहा फूट, आणि तरीही माझा अंदाज रोज चुकतो. थोडे वाचल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. स्टिम्पमीटरने चेंडू सपाट जागी एका दिशेने आणि मग उलट दिशेने सोडतात व दोन्हींची सरासरी काढतात. म्हणजे गवत ज्या दिशेला कललेले आहे तिकडे चेंडू जास्त पळाला आणि उलट कमी, तर तो फरक सरासरीत विरून जातो. बेंटग्रासवर मी फक्त उतार पाहून पट करत असे (पटरने चेंडू होलकडे घरंगळवत असे). आता आठ फुटांचा उताराचा पट, गवत माझ्याकडे कललेले असेल तर, होलच्या आधीच थांबतो, आणि तसाच पट, गवत होलकडे कललेले असेल तर, चार फूट पुढे निघून जातो. बाजूने कललेले असेल तर वेग मंदावताना, शेवटच्या दोन फुटांत, चेंडू वळतो.

बर्म्युडा म्हणजे आपली हरळीच. ग्रीनवरच्या जाती हरळी आणि आफ्रिकेतील एक बारीक पात्याचे गवत यांच्या संकरातून आलेल्या आहेत. ज्यांनी गावाकडे उसातली हरळी खणली आहे त्यांना हे गवत आडवे, जमिनीला धरून कसे पळते हे सांगायला नको. तीन मिलिमीटरवर कापले तरी तो स्वभाव राहतो, आणि कल तयार होतो तो त्यातूनच, असे मी समजतो. हे चूक असल्यास कृपया दुरुस्त करावे.

कल ओळखण्याच्या दोन खुणा मला सांगण्यात आल्या आहेत. गवत चमकदार, फिकट दिसले तर ते आपल्यापासून दूर कललेले आणि गडद दिसले तर आपल्याकडे. तसेच होलच्या कडेचा जो भाग विस्कटलेला असतो, त्या बाजूला कल. पहिली खूण ढगाळ दिवशी उपयोगी पडत नाही. दुसरी सकाळी लवकर दिसत नाही, कारण होल नुकतेच पाडलेले असते आणि सगळी कड स्वच्छ असते. अशा वेळी तुम्ही कशावर भरवसा ठेवता? पाणी वाहून जाण्याची दिशा पुरेशी ठरते का?

चिपिंगची, म्हणजे ग्रीनबाहेरून चेंडू थोडा उचलून ग्रीनवर टाकण्याची, अवस्था याहून वाईट आहे. ग्रीनच्या कडेला गवत समोरून येत असेल तर माझ्या ५६ अंशांच्या वेजची (चेंडू उंच उचलणाऱ्या काठीची) पुढची धार त्यात अडकते आणि चेंडू दोन हातांवर पडतो. तिथे जास्त बाउन्सचा (तळ जास्त फुगीर असलेला) वेज घ्यावा, की सरळ पटर वापरावा? पटर घेतल्यास, गवत विरुद्ध असताना किती जोर वाढवावा याचा काही ठोकताळा आहे का?

शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नव्या ग्रीनवर चेंडू टप्पा पडताच उसळून ग्रीनच्या पलीकडे निघून जातो. सात नंबरच्या आयर्नने मारलेला चांगला फटकाही थांबत नाही. गवताखाली मुळांचा आणि कुजलेल्या काड्यांचा गादीसारखा थर अजून जमलेला नाही, म्हणून असे होते, असे ग्रीनकीपर सांगतात. मग माझ्या अडचणींपैकी किती या गवताच्या आणि किती त्याच्या नवेपणाच्या? ज्यांच्या क्लबवर असा बदल होऊन दोन-तीन वर्षे झाली आहेत, विशेषतः अटलांटा किंवा शार्लटकडच्या सभासदांनी, पहिल्या आणि तिसऱ्या वर्षात टप्प्यात व कलात काय फरक पडला ते सविस्तर लिहावे. त्यावर मी ठरवीन की आत्ताच फटका बदलायचा, की आणखी एक हंगाम थांबायचे.